कर्ज चालेल, बिल दाखवा

शाळेच्या ग्रुपवर पुन्हा तोच सूर: महापालिकेने पुणं गहाण टाकलं. निमित्त, चोवीस तास पाणी योजनेसाठी 2017 मध्ये काढलेले 200 कोटींचे कर्जरोखे, व्याज 7.59 टक्के, मुदत दहा वर्षं. शिवाय एकाने मला सुनावलं, 'तुमच्या अमेरिकेत असलं खपवून घेत नाहीत.'

अहो, इथे गावोगावचे नळ आणि गटारं रोख्यांवरच उभी आहेत. पन्नास वर्षं टिकणाऱ्या जलवाहिनीचा सगळा भार आजच्याच पुणेकराने का सोसायचा? उद्याचाही तेच पाणी पिणार आहे.

असं कर्ज बुडतं कसं, तेही मी अलाबामात, बर्मिंगहॅममध्ये राहून पाहतोय. आमच्या जेफरसन कौंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, मैलापाणी नद्यांत जायचं. 1996 मध्ये कोर्टात तडजोड झाली आणि गटारं सुधारणं बंधनकारक झालं. त्यापायी तीन अब्ज डॉलरहून जास्त कर्ज चढलं. व्याज वाचेल म्हणून बदलत्या दराचे रोखे आणि वर स्वॅपचे, म्हणजे बँकांशी व्याजदरांची अदलाबदल करण्याचे, करार केले. याच व्यवहारांत लाच घेतल्याबद्दल कौंटी कमिशनचा, म्हणजे कौंटीच्या कारभारी मंडळाचा, माजी अध्यक्ष लॅरी लँगफर्ड तुरुंगात गेला. 2008 मध्ये व्याज भडकलं, 2011 मध्ये कौंटीने दिवाळं काढलं. 2013 मध्ये ती सावरली ती दरवर्षी सीवरचे (गटारसेवेचे) दर वाढवत राहण्याच्या बोलीवर.

ते वाढीव बिल मी भरतो. कर्ज झालं तेव्हा मी इथे नव्हतोही. पण पैसा कुठे मुरला ते कोर्टाच्या कागदांत कुणालाही वाचता येतं.

पुण्यात रोखे विकल्यावर योजनेच्या निविदाच रद्द झाल्या. पैसे पडून, व्याज चालू. चिडायचं तर त्यावर चिडा ना! तसं नाही. ग्रुपचं म्हणणं, मीटर नको, पाणीपट्टीत वाढ नको. टँकरवाल्याला मात्र सोसायट्या मागेल ते देतात.

हे लिहिलं की उत्तर ठरलेलं: 'तुला काय, तू तिकडे.' ते झोंबतं, कारण खरं आहे. बाणेरच्या फ्लॅटचा मिळकतकर मी वेळेवर भरतो, पण टँकर आला नाही की वॉचमनला फोन लावत बसते ती आई. इथे कर्जाचा हप्ता माझ्या बिलात आहे आणि मत द्यायचा हक्क नाही. दोन्हीकडे पैसे भरणारा मी, कुठल्याच सभेत उठून बोलू शकत नाही. म्हणून ग्रुपवर भांडतो.

रोख्यांची मुदत 2027 मध्ये संपते. फेड पाणीपट्टीतून होणार की दुसरं कर्ज काढून, एवढं तरी तुमच्या नगरसेवकाला विचारा.