ग्राहकांनी जपलेली, जन्मदात्यांनी टाकलेली सॅटर्न

१९९४ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील स्प्रिंग हिल या लहानशा गावी सुमारे ४४ हजार माणसे जमली होती. देशाच्या कानाकोपऱ्यांतून स्वतःच्या गाड्या चालवत, स्वतःच्या खिशातले पैसे खर्चून ही मंडळी आली होती, आणि त्यांना पाहायचा होता तो मोटारींचा एक कारखाना. आपली गाडी जिथे तयार झाली ती जागा बघावी आणि ती जोडणाऱ्या कामगारांशी दोन शब्द बोलावेत, एवढ्यासाठी कोणी सुट्टी टाकून शेकडो मैल जाते, हे आज सांगितले तर अनेकांना खरे वाटत नाही. ती गाडी फेरारी किंवा पोर्शे नव्हती. ती सॅटर्न नावाची, मध्यमवर्गीयांना परवडणारी, साधी चार सिलिंडरची गाडी होती.

सॅटर्न बंद पडली त्याला आता दीड दशक उलटून गेले आहे. वाहन उद्योगावर लिहिणारे बहुतेक लोक तिचा उल्लेख जनरल मोटर्सचा एक फसलेला प्रयोग म्हणून करतात आणि पुढे जातात. मला हे मान्य नाही. प्रयोग फसला नव्हता. तो यशस्वी होत असतानाच त्याचा खुराक तोडण्यात आला. ग्राहकांचा जो विश्वास कोणत्याही कंपनीला पैसे मोजून विकत घेता येत नाही तो सॅटर्नने चार-पाच वर्षांत मिळवला, आणि तो मिळाल्यावर त्याचे काय करायचे हे जनरल मोटर्सच्या वरिष्ठांना कळले नाही.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी छोट्या गाड्यांनी अमेरिकी कंपन्यांच्या तोंडचे पाणी पळवले होते. टोयोटा आणि होंडाच्या गाड्या कमी पेट्रोल खात, कमी बिघडत आणि एकदा घेतलेला ग्राहक पुन्हा त्याच शोरूममध्ये जाई. याला उत्तर म्हणून जनरल मोटर्समध्ये १९८२ पासून एका नव्या छोट्या गाडीचा विचार सुरू झाला आणि जानेवारी १९८५ मध्ये अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी सॅटर्न कॉर्पोरेशन ही स्वतंत्र उपकंपनी जाहीर केली. चंद्रावर माणूस नेणाऱ्या रॉकेटवरून हे नाव घेतले होते. प्रतिस्पर्ध्याच्या मागे पडलेला देश जिद्दीने पुढे जातो, ही कल्पना त्यामागे होती. कारखाना आपल्याकडे यावा म्हणून अनेक राज्यांचे गव्हर्नर अक्षरशः रांगेत उभे राहिले, आणि अखेर नॅशव्हिलच्या दक्षिणेकडील स्प्रिंग हिलची निवड झाली.

या कारखान्यातील सर्वांत धाडसी गोष्ट यंत्रांची नव्हती, कामगार कराराची होती. युनायटेड ऑटो वर्कर्स या बलाढ्य संघटनेने, विशेषतः तिचे उपाध्यक्ष डोनाल्ड एफलिन यांनी, जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांना लागू असलेला जाडजूड करार बाजूला ठेवून सॅटर्नसाठी अगदी छोटा आणि वेगळा करार मान्य केला. कामगारांचे लहान लहान गट केले गेले, आपल्या गटात कोणाला घ्यायचे आणि काम कसे वाटायचे हे त्या गटांनी ठरवायचे होते, आणि वेतनाचा काही भाग प्रशिक्षण, दर्जा व उत्पादनाची उद्दिष्टे गाठण्याशी जोडलेला होता. हे केवळ कागदावर राहिले नाही. १९९१ मध्ये उत्पादनाचा वेग वाढवण्याचा दबाव आला तेव्हा कामगारांनी दंडाला फिती बांधून निषेध केला, आणि तो पगारासाठी नव्हता. घाईमुळे सदोष गाड्या ग्राहकाच्या हाती पडतील, ही त्यांची तक्रार होती. दर्जासाठी कामगारांनी व्यवस्थापनाला धारेवर धरल्याची अशी उदाहरणे वाहन उद्योगात फारशी सापडणार नाहीत.

३० जुलै १९९० रोजी रॉजर स्मिथ आणि संघटनेचे अध्यक्ष ओवेन बीबर यांनी एकत्र बसून पहिली सॅटर्न कारखान्याबाहेर आणली. दुसऱ्याच दिवशी स्मिथ निवृत्त झाले. आपल्या बाळाची पाठराखण करणारा माणूस पहिल्याच दिवशी घराबाहेर पडला, हे मला नेहमीच सूचक वाटत आले आहे.

गाडीपेक्षाही तिची विक्रीची पद्धत लोकांना जास्त भावली. अमेरिकेत नवी गाडी घेणे हा तेव्हा मनस्ताप देणारा अनुभव असे. सेल्समन किंमत सांगे, ग्राहक ती पाडून मागे, सेल्समन ‘साहेबांना विचारून येतो’ असे म्हणून आत जाई आणि ताटकळत ठेवून परत येई. ज्याला घासाघीस जमत नाही त्याने जास्त पैसे मोजायचे, असा उघड रिवाज होता. सॅटर्नने काचेवर लिहिलेली किंमत हीच खरी किंमत ठेवली. अगदी साधे मॉडेल सुरुवातीला आठ हजार डॉलरांच्या आत मिळे. हे इतर कंपन्यांना जमत नव्हते आणि सॅटर्नला जमले, याचे कारण तिने प्रत्येक विक्रेत्याला मोठा प्रदेश दिला होता. एकाच शहरातली सॅटर्नची दोन-तीन शोरूम बहुधा एकाच मालकाची असत, त्यामुळे पलीकडच्या शोरूममध्ये शंभर डॉलर कमी करून मिळतील हा प्रश्नच उरत नसे. चांगल्या वागणुकीमागे असा पक्का व्यावहारिक पाया होता, आणि तो विसरून केवळ हसऱ्या चेहऱ्यांची नक्कल करणाऱ्या कंपन्यांना तसे यश मिळाले नाही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस मी ओहायोमध्ये नोकरीला होते. त्या वर्षांत संगणकाच्या कामासाठी महाराष्ट्रातून आलेली आमच्यासारखी बरीच तरुण मंडळी मध्य-पश्चिमेच्या शहरांत नव्याने स्थिरावत होती, आणि गाडीच्या बाबतीत प्रत्येकाला मिळणारा सल्ला ठरलेला असे : टोयोटा घे, नाहीतर होंडा घे. मी सॅटर्नची एसएल-२ घेतली, आणि त्याला मुख्य कारण होते ती ठरलेली किंमत. एकट्या बाईने, त्यातही परदेशी उच्चार असलेल्या बाईने, शोरूममध्ये जाऊन भाव पाडून मागणे म्हणजे काय असते हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. गाडी ताब्यात देताना तिथली सगळी माणसे हातातले काम टाकून गाडीभोवती जमली, टाळ्या वाजवल्या, फोटो काढला आणि मग किल्ल्या हातात दिल्या. काही दिवसांनी नव्या ग्राहकांसाठी संध्याकाळी एक वर्ग भरला. त्यात एका मेकॅनिकने बॉनेट उघडून डिपस्टिक कशी पुसायची, ऑइलची पातळी कुठल्या दोन खुणांच्या मध्ये हवी, टायरमधली हवा कशी तपासायची हे शांतपणे दाखवले. गाडीच्या आत काय आहे हे मला त्याआधी कोणीच समजावून सांगितले नव्हते.

तिच्या दारांबद्दलही सांगायला हवे, कारण ज्यांनी सॅटर्न वापरली त्यांना प्रथम तेच आठवते. पोलादी सांगाड्यावर बाहेरून बोल्टने बसवलेली प्लॅस्टिकची पॅनेल, अशी तिची रचना होती. दारे आणि चाकांवरचे मडगार्ड प्लॅस्टिकचे, तर बॉनेट, छत आणि डिकीचे झाकण पत्र्याचे. किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये वाऱ्याने घरंगळत आलेली ट्रॉली दारावर आदळली, तर दार आत दबे आणि लगेच पूर्ववत होई. पोचा राहत नसे. मात्र प्लॅस्टिक उन्हाळ्यात फुगते आणि थंडीत आक्रसते, म्हणून पॅनेलांच्या मध्ये रुंद फटी ठेवाव्या लागत, आणि त्या फटींमुळे जवळून पाहिल्यास गाडी ओबडधोबड वाटे. पत्र्याच्या गाड्यांत मीठ टाकलेल्या हिवाळी रस्त्यांमुळे दारांच्या कडांना गंज धरे. सॅटर्नची दारे मात्र वर्षानुवर्षे तशीच राहत.

गाडी निर्दोष होती असे कोणी म्हणणार नाही. इंजिन जोरात फिरवले की आवाज आणि थरथर जाणवे. सॅटर्न ऑइल खाते, ही तर मालकांमधली सर्वांत जुनी तक्रार. पिस्टनच्या रिंगांपाशी साचलेले ऑइल परत खाली जायला पुरेशी वाट नव्हती, त्यामुळे काजळी धरून रिंगा चिकटत आणि ऑइल जळू लागे. ज्यांना हे ठाऊक होते ते दर वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक पाहत आणि त्यांच्या गाड्या दोन लाख मैलांच्या पलीकडे गेल्या. ज्यांनी दुर्लक्ष केले त्यांची टायमिंग चेन (इंजिनातली साखळी) आणि मग इंजिनच गेले. तरीही या दोषांमुळे लोक सॅटर्नवर उखडले नाहीत, आणि त्याचे कारण कंपनीच्या सुरुवातीच्या वागणुकीत आहे.

१९९१ मध्ये पुरवठादाराकडून आलेले सदोष कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, सुमारे १८०० गाड्यांमध्ये भरले गेले आणि त्याने इंजिन खराब होण्याचा धोका निर्माण झाला. सॅटर्नने इंजिन दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता ग्राहकांना सरळ नव्या गाड्या दिल्या. १९९३ मध्ये एका वायरमुळे आग लागण्याची शक्यता दिसली तेव्हा साडेतीन लाखांहून अधिक गाड्या परत बोलावण्यात आल्या. अनेक शोरूमनी दुरुस्ती होईपर्यंत लोकांना जेवू घातले, त्यांच्या गाड्या धुऊन दिल्या. चूक झाली की ती ग्राहकाच्या आधी आपण सांगायची, हा तो शिरस्ता होता. ग्राहक-समाधानाच्या सर्वेक्षणात ही स्वस्त गाडी लेक्सस आणि इन्फिनिटी या महागड्या गाड्यांच्या पाठोपाठ येऊन बसली ती याच काळात. १९९४ मध्ये २ लाख ८६ हजार सॅटर्न विकल्या गेल्या, आणि तोच तिचा उच्चांक ठरला.

खरे म्हणजे त्याच वेळी दुसरी, थोडी मोठी गाडी तयार हवी होती. लहान गाडी घेणाऱ्या तरुण जोडप्याला मूल होते, पगार वाढतो, मोठी गाडी लागते, आणि सॅटर्नच्या निष्ठावान ग्राहकाला सॅटर्नच्या शोरूममध्ये देण्यासारखे काहीच नव्हते. १९९२ मध्ये जनरल मोटर्सला साडेतेवीस अब्ज डॉलरांचा प्रचंड तोटा झाला होता, आणि शेव्हरोले, पॉन्टियाक, ओल्ड्समोबिल या जुन्या शाखांची मंडळी आमच्या तोंडचा घास सॅटर्नला दिला म्हणून आधीच धुसफुसत होती. परिणाम असा झाला की सॅटर्नकडे १९९० ते १९९९ पर्यंत मूलतः एकच गाडी होती. तिचे बाह्यरूप मध्ये एकदा बदलले, पण आतला सांगाडा २००२ पर्यंत तोच राहिला, आणि तेवढ्या काळात होंडा सिव्हिकच्या तीन नव्या पिढ्या बाजारात आल्या. अखेर आलेली मोठी गाडी, एल-मालिका, जनरल मोटर्सच्याच तेव्हाच्या युरोपीय शाखेच्या, ओपेलच्या व्हेक्ट्रावर बेतलेली होती आणि ती स्प्रिंग हिलमध्ये न बनता डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टनमध्ये बनत होती. सॅटर्नचे वेगळेपण ज्या माणसांमुळे होते त्या माणसांचा हात तिला लागलाच नव्हता.

पुढचा प्रवास उताराचा आहे आणि तो मी थोडक्यात सांगते. डिसेंबर २००३ मध्ये स्प्रिंग हिलच्या कामगारांनी मूळचा वेगळा करार सोडून संघटनेच्या राष्ट्रीय कराराकडे परत जाण्याच्या बाजूने मतदान केले. ज्या भागीदारीचे आश्वासन होते ती उरलीच नव्हती, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही. मार्च २००७ मध्ये तिथले सॅटर्नचे उत्पादन थांबले. त्याच वर्षी ऑरा या मॉडेलला उत्तर अमेरिकेतील वर्षातील सर्वोत्तम गाडीचा मान मिळाला. गाडी चांगली होती, पण प्लॅस्टिकची दारे गेली होती, वेगळा कारखाना गेला होता आणि उरले होते ते फक्त नाव.

मला सर्वांत जास्त बोचते ती मात्र आयॉन या मॉडेलची गोष्ट. तिच्या इग्निशन स्विचमधला दोष गाडी बाजारात येण्यापूर्वीच, २००१ मध्ये, कंपनीच्या नोंदींत आलेला होता. किल्ली आपोआप फिरून चालू गाडीचे इंजिन बंद पडे आणि मग अपघातात एअरबॅगही उघडत नसत. शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयॉन आणि त्याच कुळातील इतर अशा २६ लाख गाड्या जनरल मोटर्सने परत बोलावल्या त्या थेट २०१४ मध्ये, आणि भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. कूलंट चुकले म्हणून संपूर्ण गाडी बदलून देणाऱ्या सॅटर्नचेच चिन्ह यातल्या काही गाड्यांवर होते. एखाद्या संस्थेची रीत हरवली म्हणजे नेमके काय होते, हे मला या दोन घटना शेजारी ठेवल्यावर दिसते आणि राग येतो.

जून २००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली. मोटार विक्रीच्या व्यवसायातले रॉजर पेन्स्के यांनी सॅटर्नचे नाव आणि सुमारे ३५० शोरूमचे जाळे विकत घेण्याची तयारी दाखवली. सुरुवातीला गाड्या जनरल मोटर्सच बनवणार होती आणि नंतर दुसऱ्या कंपनीकडून त्या घ्यायच्या होत्या. त्या दुसऱ्या कंपनीच्या संचालक मंडळाने नकार दिला आणि ३० सप्टेंबर रोजी पेन्स्के यांनी माघार घेतली. इतक्या वाईट दिवसांतही एका अनुभवी व्यावसायिकाला गाड्यांशिवाय नुसते सॅटर्नचे विक्रेते आणि ग्राहक विकत घ्यावेसे वाटले, यातच त्यांची किंमत दिसते. सॅटर्नवर खर्च केलेले अब्जावधी डॉलर कधीच वसूल झाले नाहीत, हा हिशेबनिसांचा आक्षेप खरा आहे. पण पीक हातातोंडाशी आल्यावर पाणी तोडणाऱ्याने उत्पन्न कमी आले म्हणून शेताला नावे ठेवू नयेत.

स्प्रिंग हिलच्या त्याच कारखान्यात आज कॅडिलॅक बनतात. जुन्या एस-मालिकेची, म्हणजे सॅटर्नच्या मूळ छोट्या गाड्यांची, पॅनेल आता भंगार आवारांतूनच मिळवावी लागतात, पण बोल्ट काढून दार बदलणे अजूनही एखाद्या दुपारचे काम आहे आणि अनेक मालक ते घरीच करतात. माझा अनुभव एस-मालिकेपुरताच आहे. आपल्यापैकी कोणी अमेरिकेत असताना आयॉन, व्ह्यू किंवा ऑरा वापरली असेल तर त्यांनी जरूर लिहावे, विशेषतः शोरूम बंद झाल्यानंतर सुटे भाग आणि दुरुस्ती त्यांनी कुठून मिळवली, ते मला समजून घ्यायचे आहे.