मराठी तक्त्याचं काय?

गूगल शीटमधून तक्त्याचं चित्र आपोआप कसं काढायचं, यावरचा लेख वाचला. त्यातला रस्ता, म्हणजे शीटमधल्या ओळी मेक किंवा एनएटएन (n8n) या कामं आपोआप करणाऱ्या साधनांनी उचलायच्या, एचटीएमएलमध्ये (वेबपानाच्या टेम्प्लेटमध्ये) ओतायच्या आणि त्याचं पीएनजी चित्र काढायचं, इंग्रजी तक्त्याला झकास. मार्केट यार्डातल्या आमच्या गाळ्यावरून रोज सकाळी भावाचा तक्ता चित्र म्हणूनच व्हॉट्सअ‍ॅपवर जातो (शीटची लिंक हॉटेलवाले उघडतच नाहीत, पाठवून बघा!), पण तो मराठीत. खरी गंमत तिथे सुरू होते. चित्र काढणाऱ्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. फॉन्ट असूनही अक्षरजुळणी नीट होत नसेल तर ‘मिरची’ची वेलांटी भलतीकडे आणि ‘फ्लॉवर’चा फ पाय मोडून पडलेला. त्यामुळे टेम्प्लेटमध्ये मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी गूगल फॉन्ट्सवरून स्वतः जोडा, आणि फॉन्ट उतरेपर्यंत फोटो थांबवायची सोय असेल तर ती वापराच.

आम्ही शेवटी गूगल स्लाइड्सवर आलो. स्लाइडच्या प्रतीत भाव भरायचे नि स्लाइड्सच्या एपीआयकडून (प्रोग्रॅमने गूगलकडे मागणी करायची सोय) तिची थंबनेल, म्हणजे स्लाइडच्या चित्राची लिंक, घ्यायची. मराठी अक्षरं व्यवस्थित येतात. फक्त ती लिंक साधारण 30 मिनिटंच चालते, तेव्हा चित्र लगेच ड्राइव्हवर उतरवून घ्यायला हवं.

आणि ट्रिगर, म्हणजे हे सगळं काम कधी सुरू व्हायचं ती खूण, ‘ओळ बदलली की’ असा ठेवू नका. पोरगा कांद्याचा भाव टाकतोय तोवर अर्धवट तक्ता गिऱ्हाइकाकडे जायचा. ‘तयार’ असा चेकबॉक्स ठेवा, त्यावर टिक झाली की मगच पुढचं.