कुलंट गळतीच्या दुरुस्तीबाबत आपण नोंदवलेल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला. आपल्या ट्रकचे इंजिन थंड ठेवणारे कुलंटचे पाणी मागच्या बाजूला ठिबकत असताना आम्ही पुढची वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) विनाकारण बदलली, त्यानंतरही गाडी खंबाटकी घाटात तापली, मग हेड (सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग) उतरवून दुसरे बिल लावले, आणि दुसऱ्या एका मिस्त्रीच्या मते नुसते रेडिएटरचे झाकण बदलून काम भागले असते, असे आपले म्हणणे आहे. गाडी दोनदा उभी राहिली की भाडे बुडते आणि हप्ता मात्र थांबत नाही, हे आम्हीही जाणतो. तरीही दोन्ही कामे आवश्यक होती, आणि तक्रार जाहीर असल्यामुळे त्यांची कारणेही इथेच मांडतो.

पाणी जिथे ठिबकते तिथूनच ते गळत असते असे नाही, आणि ट्रकच्या बाबतीत तर बहुधा नसतेच. वॉटर बॉडीच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असते; आतले सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावे, यासाठी ते ठेवलेले असते. आपल्या गाडीत त्या भोकाखाली वाळलेल्या कुलंटची हिरवट-पांढरी खपली धरली होती आणि तिथून निघालेला ओघळ पंख्याच्या वाऱ्याने ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य सांगाड्याच्या) कडेकडेने मागे जाऊन चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) टोकाला थेंब धरत होता. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून थंड इंजिनात दाब भरला, तेव्हा काटा हळूहळू खाली येऊ लागला आणि त्याच भोकातून पाणी पाझरताना आपल्या ड्रायव्हरने स्वतः पाहिले. वॉटर बॉडी बदलल्यावर तोच दाब टिकून राहिला. हे सर्व जॉब कार्डवर लिहिलेले आहे.

दुसऱ्या वेळी आलेला दोष वेगळा होता. बाहेर कुठेही ओल नव्हती आणि तरीही पाणी कमी होत होते. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर, पाणी कोमट होण्याच्याही आधी, वरचा होज पाइप हाताला दगडासारखा कडक लागत होता आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे थांबत नव्हते. इतक्या लवकर येणारा दाब पाण्याच्या उष्णतेचा असू शकत नाही. हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सील करणारी चकती) फुटून सिलिंडरमधला वायू पाण्याच्या वाटेत शिरतो, तेव्हा बहुधा तो येतो. असे गॅस्केट थंड इंजिनाच्या चाचणीत पुष्कळदा दाब धरते आणि भरलेली गाडी घाट चढू लागली की उघडे पडते. हेड उतरवण्यापूर्वी फोनवर आपली संमती घेतली होती. उतरवल्यावर सरळपट्टी व फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) लावून पाहिले असता हेड मधोमध वाकलेले आढळले, म्हणून ते फेसिंगसाठी (पृष्ठभाग सपाट करण्यासाठी) लेथवर पाठवावे लागले. त्याची वेगळी पावती बिलाला जोडलेली आहे. तापमानाचा काटा लाल पट्टीत गेल्यावरही गाडी वर काढत राहिले, की हेड असे वाकते. यात ड्रायव्हरला दोष देण्याचा हेतू नाही, कारण चढणीवर भरलेला ट्रक उभा करणेही सोपे नसते.

झाकणाचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. झाकण दाब धरून ठेवते आणि दाबामुळे पाणी उशिरा उकळते: अर्धा बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली शुद्ध पाण्याचा उत्कलनबिंदू १०० ऐवजी सुमारे १११ अंश सेल्सिअस होतो. स्प्रिंग ढिली पडली, तर गळती नसतानाही पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून निघून जाते. म्हणूनच आम्ही झाकण पहिल्याच दिवशी वेगळे तपासले होते आणि ते ठीक असल्यामुळे बदलले नाही. बदलले असते, तर बिल थोडे वाढले असते आणि बुडबुडे तसेच राहिले असते.

एक गोष्ट बिलात दिसत नाही, म्हणून सांगतो. रेडिएटर धुताना त्यातून पिवळा गाळ निघाला. गळती थांबवण्यासाठी पाण्यात हळद टाकण्याची रीत रस्त्यावर जुनी आहे आणि अडल्या रात्री मुक्कामी पोहोचण्यापुरती ती उपयोगी पडतही असेल. परंतु हाच गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि त्यावर बोअरच्या जड पाण्याचा क्षार चढला की गाडी गळतीविनाही तापू लागते. यापुढे डिस्टिल्ड पाणी व कुलंट निम्मे निम्मे मिसळूनच भरावे, आणि इंजिन गरम असताना झाकण उघडू नये किंवा वरून थंड पाणी ओतू नये, ही विनंती.

काढलेली वॉटर बॉडी आणि जळालेले गॅस्केट आपल्या गाडीचा नंबर लिहून ठेवले आहे. ते आपण कोणत्याही मिस्त्रीला दाखवू शकता. या जुन्या इंजिनाचे हेड बोल्ट काही दिवस गाडी चालल्यावर टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा कसावे लागतात आणि ते काम अजून बाकी आहे. त्याचे वेगळे पैसे नाहीत. गाडी आदल्या संध्याकाळी लावून ठेवावी, म्हणजे सकाळी थंड इंजिनावर ते करता येईल.

आपला,
गॅरेजचालक