समुद्र अफाट आहे, पण ओंडके रांगेत जमतात : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

खोल समुद्रात तरंगणाऱ्या वस्तूंचा पॉवरबोटींना असलेला धोका, या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात मांडतो. पहिला, समुद्र एवढा अफाट आहे की एखादा ओंडका नेमका आपल्याच वाटेत येण्याची शक्यता नगण्य, म्हणून लेख उगाच घाबरवतो. दुसरा, रडार असताना ही चिंता कशाला? तिसरा, 'वेग कमी ठेवा' म्हणणाऱ्याने बारा-तेरा नॉटवर (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) बोट चालवून पाहावी, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उचलते आणि पुढचं काहीच दिसत नाही. चौथा, खरा धोका जहाजांवरून पडलेल्या कंटेनरचा, आणि त्यावर लेखात दोनच ओळी आहेत. शेवटी तुम्ही विचारलंय की स्टेनलेस स्टीलचा प्रोपेलर बसवला की निम्मं काम झालं ना?

तिसरा आक्षेप पूर्ण मान्य, म्हणून तिथूनच सुरुवात. नुसतं 'वेग कमी ठेवा' हे अर्धवट सांगणं झालं. आठेक मीटर लांबीची, चार टनांची बोट पाच-सहा नॉटला पाणी कापत सपाट चालते. अठरा नॉटच्या आसपास ती पाण्यावर चढून पुन्हा बऱ्यापैकी सपाट धावते. मधला सगळा पट्टा वाईट: नाळ आकाशाकडे, मागची बाजू खाली दबलेली, आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुढचं पन्नास-साठ मीटर पाणी झाकलेलं. म्हणून वेग दोनच ठेवायचे. संशय येईल अशा पाण्यात पाच-सहा नॉट. मोकळ्या पाण्यात, बोट जेमतेम वर चढून टिकेल एवढा, म्हणजे सतरा-अठरा नॉट. त्यासाठी आउटबोर्डचा (बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाचा) ट्रिम, म्हणजे कल, आत घ्यायचा आणि ट्रिम टॅब (मागच्या कडेला तळाशी वर-खाली होणाऱ्या पट्ट्या) असतील तर थोडे खाली करून नाळ दाबायची. पाठून मोठ्या लाटा येत असतील तेव्हा मात्र नाळ एवढी दाबू नका, ती पुढच्या लाटेत घुसून बोट आडवी फिरते. मधल्या पट्ट्यातून फक्त जायचं, तिथे रेंगाळायचं नाही.

या दोन वेगांमधला फरक किती, तो बघा. पंचवीस नॉटला धावणारी बोट जागीच अडली, तर तो आघात तिला सुमारे साडेआठ मीटर उंचीवरून टाकण्याएवढा असतो. अठरा नॉटला ही उंची साडेचार मीटरच्या आत येते, म्हणजे सात नॉट कमी केले की ऊर्जा जवळपास निम्मी. सहा नॉटला ती जेमतेम अर्धा मीटर. ओंडका थोडा सरकतो, वळतो, त्यामुळे सगळी ऊर्जा बोटीच्या बुडावर येत नाही हे खरं. पण सहा मीटर लांब आणि चाळीस सेंटीमीटर जाडीचा, पाणी पिऊन जड झालेला ओंडका पाऊण टन भरतो. तो लांबीच्या दिशेने समोर आला, तर फारसा सरकत नाही.

आता शक्यतेचा मुद्दा. समुद्राचं क्षेत्रफळ घेऊन त्याला ओंडक्यांच्या संख्येने भागायचं, हा तुमचा हिशोब वस्तू सगळीकडे सारख्या पसरल्या असतील तरच खरा. तशा त्या कधीच नसतात. दोन प्रवाह जिथे एकमेकांना भिडतात, तिथे पृष्ठभागावरचं पाणी खाली जातं आणि तरंगणारं सगळं वरच अडकून राहतं. नदीचं गढूळ पाणी समुद्राच्या स्वच्छ पाण्याला भेटतं ती कड, भरती-ओहोटीच्या प्रवाहाची सीमा, वारा स्थिर वाहू लागला की त्याच्या दिशेने उमटणारे फेसाचे समांतर पट्टे, हे सगळे सापळेच. मैलोन्‌मैल पाणी स्वच्छ आणि मग दहा मीटर रुंदीच्या पट्ट्यात फांद्या, बाटल्या, दोर, शेवाळ आणि त्याखाली लपलेला ओंडका. या पट्ट्यात मासे जमतात, म्हणून मासेमारीच्या बोटी मुद्दाम त्याच्या कडेने धावतात. म्हणजे शक्यता आपणच वाढवतो.

वेळही ठरलेली असते. मोठ्या पावसानंतरचे काही दिवस नदीमुखासमोरचा भाग आणि तिथून प्रवाह जातो ती दिशा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी किनाऱ्यावर वरपर्यंत चढतं आणि तिथे महिनोन्‌महिने पडलेले ओंडके उचलून ओहोटीबरोबर बाहेर नेतं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला हा प्रकार फारसा होत नाही. निघण्याआधी भरतीचं कोष्टक आणि आदल्या आठवड्याचा पाऊस, एवढं पाहिलं तरी कुठे सावध राहायचं हे बरंचसं कळतं.

'काही दिवसांत सगळं बुडून जातं' असंही तुम्ही लिहिलंय. २०११च्या त्सुनामीत जपानच्या किनाऱ्यावरून सुमारे ५० लाख टन अवशेष समुद्रात गेले, असा तिथल्या सरकारचा अंदाज होता. त्यातले सत्तर टक्के किनाऱ्याजवळच बुडाले, पण सुमारे १५ लाख टन तरंगत राहिले. मिसावा बंदरातला वीस मीटर लांबीचा एक तरंगता धक्का जून २०१२ मध्ये, म्हणजे पंधरा महिन्यांनी, अमेरिकेतल्या ओरेगनच्या किनाऱ्याला लागला.

लाकूड बुडतं तेही एकदम नाही, आणि हीच सगळ्यात वाईट अवस्था. बुंध्याकडची जड बाजू आधी पाणी पिते आणि खाली जाते. ओंडका उभा राहतो. वर राहतं ते जेमतेम वीतभर तोंड, काळं, ओलं, शेवाळलेलं. लाटेबरोबर ते दोन-तीन सेकंद दिसतं, मग गायब. कॅनडा आणि अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर याला 'डेडहेड' म्हणतात. आडवा ओंडका बुडाला घासून निघून जाऊ शकतो; उभ्या ओंडक्यावर बोट लाटेवरून खाली आली, तर तो भाल्यासारखा तळ फोडतो.

मग दिसतं काय? आधी पक्षी बघा. पोहणारा पक्षी पाण्यात अर्धा बुडालेला दिसतो. पाण्यावर पाय दाखवत उभा असलेला पक्षी दिसला, तर त्याच्या पायाखाली काहीतरी आहे, नक्की. लाटांच्या नक्षीत एकच जागा सपाट, तेलकट दिसते किंवा एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा फेस फुटतो, तिथेही तसंच समजा. पोलराइज्ड चष्मा लावा. सूर्य समोर असेल तर चकाकीच्या पट्ट्यात काही दिसत नाही, तेव्हा वीस-तीस अंश दिशा बदलून नागमोडी जा. पंचवीस नॉटला बोट सेकंदाला जवळजवळ तेरा मीटर कापते; पन्नास मीटरवर ओंडका दिसला तर हातात चार सेकंद आहेत, तेही नजर पुढे असेल तर. म्हणून चालवणाऱ्याशिवाय दुसरा माणूस फक्त पुढे बघायला हवा, मोबाईल किंवा प्लॉटरकडे (नकाशा दाखवणाऱ्या पडद्याकडे) नव्हे. फेसाचा पट्टा ओलांडायचाच असेल, तर वेग उतरवून, काटकोनात, विरळ जागा शोधून. पट्ट्याला तिरकं जाऊ नका, त्यात जास्त वेळ राहाल.

रडारचं उत्तर छोटं आहे. ओलं लाकूड रडारची लहर नीट परत पाठवत नाही, आणि पाण्याबाहेर वीतभर असलेली वस्तू लाटांच्या ठिपक्यांत हरवते. ठिपके घालवायला 'सी क्लटर' (लाटांचे ठिपके गाळण्याची रडारमधली सोय) वाढवला की ओंडकाही पुसला जातो. शिवाय अँटेना मिनिटाला २४ फेऱ्या घेत असेल, तर एका फेरीत पंचवीस नॉटची बोट ३२ मीटर पुढे गेलेली असते. जहाजं, पाऊस, किनारा यांसाठी रडार हवंच. ओंडक्यासाठी डोळे. रात्री ते डोळेही नाहीत, म्हणून या पाण्यात रात्री वर चढून धावणं मला अजिबात मान्य नाही. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला सहावा नियम सुरक्षित वेग ठरवताना दृश्यमानता पहिली मोजतो, ते उगाच नाही.

कंटेनरवर दोनच ओळी का? कारण धोका भयंकर आहे, पण क्रमाने खाली आहे. वर्ल्ड शिपिंग कौन्सिल या कंटेनर-जहाज कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार वर्षाला सुमारे २५ कोटी कंटेनर वाहिले जातात. त्यातले २०२२ मध्ये ६६१ आणि २०२३ मध्ये २२१ समुद्रात पडले. वीस फुटी कंटेनर आत पाणी न शिरता बुडायला ३९ टनांच्या आसपास वजन लागेल, आणि भरलेल्याची कमाल मर्यादा तीसेक टन. म्हणजे पडल्यावर तो आधी तरंगतो. दारांच्या फटींतून आणि हवेच्या झरोक्यांतून पाणी शिरत जातं, तसा खाली जातो. शीतकंटेनरच्या भिंतींत फोम असतो, तो पृष्ठभागाला टेकून बराच काळ राहू शकतो. १ जानेवारी २०२६ पासून पडलेले कंटेनर कळवणं जहाजांना सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार बंधनकारक झालं आहे, तेव्हा निघण्याआधी सागरी इशारे जरूर वाचा.

पण पॉवरबोट बंद पाडतात त्या बहुतेक वेळा मऊ वस्तू, आणि लेखात मी यावर जास्त लिहायला हवं होतं. पॉलिप्रॉपिलीनचा दोर पाण्यापेक्षा हलका, म्हणून तो तरंगतो, नायलॉन बुडतं. तरंगता दोर प्रोपेलरमध्ये गेला की घर्षणाने वितळतो आणि शाफ्टवर, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्यावर, दगडासारखा घट्ट गोळा होतो. अशा वेळी रिव्हर्स मारून सोडवायला जाऊ नका, बहुधा आणखी गुंततं. न्यूट्रल, इंजिन बंद, किल कॉर्ड (चालवणाऱ्याच्या अंगाला बांधायची, निघाली की इंजिन बंद करणारी दोरी) काढून खिशात, मग आउटबोर्ड वर. गुंडाळला त्याच्या उलट हाताने उलगडा, नाही तर दातेरी सुरी. वितळलेल्या गोळ्याला हॅकसॉ लागतो. लाटा असतील तर पाण्यात उतरू नका, वर-खाली होणारा बोटीचा तळ डोक्यावर येतो.

मासेमारीची बारीक तार याहून कपटी. ती प्रोपेलर आणि गिअरकेस (गिअरची तेलाने भरलेली पेटी) यांच्या मधे, थ्रस्ट वॉशर या चकतीपाशी गुंडाळत जाते आणि तेल आत ठेवणारं ऑइल सील कापते. बोट काहीच तक्रार करत नाही, गिअरकेसमध्ये पाणी मुरत राहतं. तळाचा स्क्रू सैल करून थेंबभर तेल बोटावर घ्या. दुधाळ दिसलं तर सील गेलेलं आहे. इंजिन थंड ठेवणारं पाणी जिथून आत जातं त्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी बसली, तर आउटबोर्डमधून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार थांबते. तेव्हा इंजिन लगेच बंद करा. पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबरी इम्पेलर (पात्यांचं चाक) कोरडं फिरलं की फार लवकर जळतं.

आदळल्यावर काय? पहिलं, थ्रॉटल मागे आणि न्यूट्रल. मग माणसं मोजा. बोट अचानक अडते तेव्हा माणूस पुढे फेकला जातो. किल कॉर्ड अंगाला नसेल तर रिकामी बोट गोल फिरत त्याच्याच अंगावर येते. मग लगेच बिल्ज (बोटीच्या तळातली पाणी साचायची जागा) उघडून पाहा. अर्धा मीटर खोलीवर पाच सेंटीमीटर व्यासाचं भोक पडलं, तर मिनिटाला सुमारे २२० लिटर पाणी आत येतं. ताशी ११०० गॅलन लिहिलेला पंप कागदावर मिनिटाला ७० लिटर काढतो आणि प्रत्यक्षात, उंच नळी आणि उतरलेल्या बॅटरीवर, त्याहून बराच कमी. म्हणजे पंप वेळ मिळवून देतो. बोट वाचते ती भोक बुजवल्याने. आतून उशी किंवा दुमडलेलं लाइफजॅकेट, त्यावर फळी, आणि फळीला बोटहुकाचा (टोकाला आकडा असलेल्या लांब काठीचा) टेकू. बाहेरून ताडपत्री ओढून घेता आली तर उत्तम, कारण पाण्याचा दाबच ती चिकटवून ठेवतो. लाकडी बूच गोल भोकाला चालतं, फाटलेल्या फायबरग्लासला नाही. माणसं आणि सामान दुसऱ्या बाजूला हलवून भोक वर आणा. पाणी आवरत नाही असं दिसताच, बुडायची वाट न पाहता, व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर कळवा.

पाणी येत नसेल, तरी लगेच वेग घेऊ नका. इंजिन सुरू करून गिअर टाका, पाच मिनिटं सावकाश चला. थरथर जाणवली तर पातं वाकलंय. इंजिनचा वेग वाढतो पण बोट सरकत नाही, तर प्रोपेलरच्या आतला, त्याला शाफ्टशी जोडणारा रबरी हब निसटलाय. हळू गेलं तर तो बहुतेक वेळा घरी पोचवतो. बोट बाहेर काढल्यावर तळ नाण्याने टकटक वाजवत तपासा. जिथे खणखणीत आवाज जाऊन बद्द आवाज येतो, तिथे थर सुटलेले आहेत, वरचा रंग शाबूत असला तरी.

आता स्टेनलेस स्टीलचा प्रोपेलर. तो चांगला, पण ओंडक्यासाठी नव्हे. अॅल्युमिनियमचं पातं वाकतं किंवा तुटतं आणि आघात तिथेच बराचसा संपतो. स्टेनलेस सहज वाकत नाही, तो धक्का हबमधून शाफ्ट आणि गिअरपर्यंत जाऊ शकतो. नेहमी स्टेनलेस वापरत असाल तर तसं करा, फक्त बदलता येणारा हब बसवा आणि बोटीत त्याच शाफ्टला बसणारा अॅल्युमिनियमचा जादा प्रोपेलर ठेवा. सोबत नट, थ्रस्ट वॉशर, पाना आणि पातं अडवायला लाकडाचा ठोकळा. आणि कॉटर पिना (नट सुटू नये म्हणून आरपार घालून वाकवायच्या पिना) दोन-तीन घ्या, नव्या. वाकवलेली जुनी पिन परत चालत नाही, आणि डोलणाऱ्या बोटीच्या मागे ओणवं होऊन बसवताना एक तरी पाण्यात पडतेच.