साडेतीनला शेअर बाजार बंद होतो म्हणे!

कोणासाठी बंद होतो? आमच्यासारख्या ठाण्याहून वाशीची लोकल पकडणाऱ्या येड्यांसाठी! गिफ्ट निफ्टी, म्हणजे गुजरातच्या गिफ्ट सिटीतले निफ्टीचे सौदे, रात्री पावणेतीनपर्यंत चालू, अमेरिकेत तर बाजार बंद झाल्यावरही चार तास सौदे, आणि कंपनीचा नफा-तोट्याचा रिझल्ट नेमका संध्याकाळी सातला, आपण भाजी निवडत असताना. दुपारी एकला मुहूर्त नसतो का?

परवा माझा शेअर तीनपर्यंत ढिम्म, आणि मग अचानक धपाधप विक्री, बातमी काही नाही. सातला कळलं, नफा आपटलाय. मग तीन वाजता विकणाऱ्याला काय स्वप्न पडलं होतं? मीपण हुशार, रात्रीच विकायची आफ्टर मार्केट ऑर्डर (बाजार बंद असताना टाकायची) टाकली, लिमिट लावून, म्हणजे त्याखाली विकू नको. सकाळी ऐरोली यायच्या आत प्री-ओपनमध्ये, म्हणजे बाजार उघडण्याआधीच्या सत्रात, भाव माझ्या लिमिटच्या सहा टक्के खाली आणि माझी ऑर्डर तिथेच लटकलेली, पेंडिंग, दारावरच्या लिंबू-मिरचीसारखी.

आणि संशय घेतला की आपणच अडाणी. बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने जुलै 2025 मध्ये जेन स्ट्रीट या अमेरिकन ट्रेडिंग कंपनीचे 4,843 कोटी बाजारात हेराफेरीच्या आरोपावरून रोखले ते काय गंमत म्हणून? (ते आरोप नाकारतात, नाकारणारच.) बायको म्हणते, एफडी कर. एफडी रात्री हलत नाही म्हणे.