खुलासा : पहिला बाँडपट गाय हॅमिल्टन यांचा नाही

'पहिले तिन्ही बाँडपट गाय हॅमिल्टन यांनीच केले' हे वाक्य परवा मीच लिहिलं होतं आणि आता ते ग्रुपवर फिरतंय. ते चूक आहे. 'डॉ. नो' (१९६२) आणि 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (१९६३) हे टेरेन्स यंग यांचे. हॅमिल्टन आले ते तिसऱ्याला, १९६४ च्या 'गोल्डफिंगर'ला.

काल तिन्हींची श्रेयनामावली थांबवून थांबवून पाहिली. 'गोल्डफिंगर'मध्ये सोनेरी रंगवलेल्या अंगावर दृश्यं सरकत जातात आणि दिग्दर्शक म्हणून हॅमिल्टन यांचं नाव येतं. आधीच्या दोन्हींत यंग यांचंच आहे. हॅमिल्टन यांनी पुढे १९७१, १९७३ आणि १९७४ मध्ये आणखी तीन बाँडपट केले, म्हणजे एकूण चार.

यंग यांचं श्रेय हॅमिल्टन यांना द्यायची गरजच नाही, इतकं त्यांचं स्वतःचं काम मोठं आहे. महायुद्धात ते ब्रिटिश नौदलात होते, आणि 'बॅटल ऑफ ब्रिटन' (१९६९) हा युद्धपट त्यांचाच.

मूळ पोस्ट दुरुस्त केली आहे. जुना मजकूर आला तर कृपया पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा पाठवा.