पाणी सांडलं नाही म्हणजे गाडी तपासून झाली असं नाही

हा मेसेज मला आतापर्यंत चार ठिकाणांहून आला आहे. आधी परभणीच्या शाळासोबत्यांच्या गटातून, मग सोसायटीच्या, मग भाच्याकडून, आणि परवा थेट माझ्या मावशीकडून. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर असा: "वंदे भारत स्लीपर सप्टेंबर २०२४ लाच तयार होती. १८० च्या वेगाने धावली, ग्लासातलं पाणीसुद्धा सांडलं नाही. तरी चाचण्यांच्या नावाखाली सोळा महिने यार्डात उभी ठेवली. जपान-चीनमध्ये गाडी बनली की लगेच धावते. जालन्याच्या वंदे भारतला कुठे एवढ्या चाचण्या लागल्या? आता लातूरची गाडीही अशीच कुजवतील. मराठवाड्याला मुद्दाम मागे ठेवतात. पुढे पाठवा."

या मेसेजमागची चीड मला परकी नाही. बीडला रेल्वे मंजूर झाली १९९५ मध्ये आणि बीड स्टेशनातून पहिली गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ ला. मनमाडहून नांदेडकडे येणारा निजामाच्या काळातला मीटरगेज ब्रॉडगेज व्हायला १९९० चं दशक उजाडलं. आपल्या भागाने वाट पाहण्यात पिढ्या घालवल्या आहेत. पण म्हणूनच राग योग्य जागी लागला पाहिजे. हा मेसेज तो चुकीच्या जागी लावतो, आणि ज्या गोष्टीमुळे आपली माणसं झोपेत सुखरूप पोहोचणार आहेत तिलाच वेळकाढूपणा म्हणतो.

पहिला मुद्दा "तयार होती" हा. १ सप्टेंबर २०२४ ला बेंगळुरूच्या बीईएमएल या सरकारी कंपनीच्या कारखान्यात जे दाखवलं गेलं तो नमुना होता. आपल्याकडे साखर कारखाना कुणाला समजावून सांगावा लागत नाही, म्हणून तेच उदाहरण घेतो. नव्या कारखान्याचं बॉयलर अग्निप्रदीपन होतं, फोटो छापून येतात, पण म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी उसाच्या गाड्या घेऊन जात नाही. पहिलं वर्ष तर चाचणी गळीत हंगाम म्हणूनच धरतात. कुठे गळती आहे, कुठला मिल अडकतो, वाफ कुठे कमी पडते, हे ऊस घातल्याशिवाय कळत नाही. रेल्वेच्या गाडीचा फरक एवढाच की तिचा चाचणी हंगाम माणसं बसवून करता येत नाही. तिथे वाळूच्या गोण्या बसतात.

आणि "यार्डात उभी होती" हे तर खरंच नाही. जानेवारी २०२५ मध्ये ती कोटा विभागात १८० ने धावली, त्याच महिन्यात मुंबई-अहमदाबाद धावली. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा कोट्याकडे चाचण्या झाल्या. डिसेंबरअखेर कोटा-नागदा मार्गावर ती पाण्याच्या ग्लासांची धाव झाली, आणि १७ जानेवारी २०२६ ला हावडा-कामाख्या मार्गावर पहिल्या गाडीला हिरवा झेंडा मिळाला.

आता त्या पाण्याकडे येऊ. मेसेजमधला हाच भाग लोकांना सगळ्यात जास्त पटतो. ग्लास न हलणं म्हणजे गाडी रुळावर छान चालते, डोलत नाही, बोगीचं, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याचं, काम चांगलं आहे. दोलन चाचणीत हेच मोजतात, फक्त ग्लासाऐवजी यंत्रं लावून. पण वेगाने पळणं हे त्यातल्या त्यात सोपं. अवघड आहे ते थांबणं. १६० च्या वेगात आपत्कालीन ब्रेक लावला तर गाडीला थांबायला साधारण किलोमीटरभर किंवा त्याहून जास्त अंतर लागतं. ते अंतर रिकाम्या गाडीचं वेगळं, भरलेल्या गाडीचं वेगळं, कोरड्या रुळावर वेगळं, ओल्या रुळावर वेगळं. हे प्रत्येक वेळी मोजून लिहून ठेवावं लागतं, कारण मार्गावरचे सिग्नल आधीच रोवलेले आहेत. नवीन गाडी आली म्हणून सिग्नल मागे सरकत नाहीत.

त्याहून महत्त्वाची एक तपासणी अशी आहे की तिचा व्हिडिओ निघूच शकत नाही. अनेक ठिकाणी रुळांतून एक हलका विद्युतप्रवाह सतत खेळत असतो. गाडी त्या तुकड्यात शिरली की चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह तिथूनच परत फिरतो, पलीकडच्या रिलेपर्यंत, म्हणजे सिग्नल बदलणाऱ्या विद्युत-कळीपर्यंत, पोहोचत नाही. त्यावरून यंत्रणेला कळतं की इथे गाडी आहे, मागच्या गाडीला लाल दाखवा. आता नव्या गाडीच्या मोटरी डब्यांच्या पोटाखालीच बसवलेल्या असतात आणि त्यांचा परतीचा प्रवाहही त्याच रुळांतून जातो. त्यात नको त्या वारंवारतेची भेसळ झाली, तर गाडी उभी असतानाही रूळ मोकळा असल्याचा भास रिलेला होऊ शकतो. मोकळा रूळ म्हणजे मागच्या गाडीला हिरवा सिग्नल. म्हणून कुठलाही नवा नमुना सिग्नल यंत्रणेशी भांडत नाही ना, हे वेगवेगळ्या वेगात, ब्रेक लावताना, वेग घेताना तपासतात.

हिरवा सिग्नल चुकून पडला तर काय होतं हे चीनने २३ जुलै २०११ ला पाहिलं. वेन्झोऊजवळ वीज पडून सिग्नलची उपकरणं बिघडली, समोर गाडी असताना रूळ मोकळा दाखवला गेला, आणि मागून आलेली वेगवान गाडी तिच्यावर आदळली. ४० माणसं गेली. सरकारी चौकशीत निघालं की त्या उपकरणाच्या रचनेतच मोठा दोष होता आणि नीट तपासणी न करता ते बसवलं होतं. "चीनमध्ये लगेच धावते" असं लिहिणाऱ्याने हे वाचायला हवं होतं. चीनने स्वतः ते वाचलं. त्यांच्या सीआर४५० या नव्या गाडीचे नमुने डिसेंबर २०२४ मध्ये दाखवले गेले, आणि पुढचं सगळं २०२५ साल त्या चाचण्यांवरच धावत होत्या.

जपानचंही तसंच. १ ऑक्टोबर १९६४ ला टोकियो-ओसाका शिंकान्सेन सुरू झाली, त्याच्या दोन वर्षं आधी, १९६२ मध्ये, त्यांनी तीसेक किलोमीटरचा चाचणी मार्ग बांधून त्यावर नमुना गाड्या पळवायला सुरुवात केली होती. चोपन्न वर्षांचा अनुभव गाठीशी आल्यानंतरही एन७००एस ही जुन्याच घराण्यातली गाडी मार्च २०१८ मध्ये रुळावर आणून जुलै २०२० मध्ये प्रवाशांना दिली. सव्वादोन वर्षं. अमेरिकेने असेला या नव्या वेगवान गाड्यांची ऑर्डर २०१६ मध्ये दिली, २०२१ चा वायदा होता, गाडी धावली ऑगस्ट २०२५ मध्ये. कारण नवी गाडी जुन्या वळणदार मार्गावर चालवायची होती. आपलं दुखणं काही वेगळं नाही.

घाई केल्याचंही एक उदाहरण देतो, कारण ते माझ्या मनातून जात नाही. जर्मनीच्या आयसीई या वेगवान गाड्यांमध्ये सुरुवातीला कंप जाणवायचा. तो घालवायला मधे रबर असलेली चाकं लावली. एवढ्या वेगात ती चाकं वर्षानुवर्षं कशी टिकतील याची पुरेशी परीक्षा झालेली नव्हती. ३ जून १९९८ ला एशेडेला चाकाची लोखंडी धाव तुटली. १०१ माणसं मेली. प्रवाशांना आराम मिळावा म्हणूनच केलेला तो बदल होता.

मावशीने मेसेज पाठवला तेव्हा मी तिला फोन केला. तिच्या उजव्या भुवईवर चार टाक्यांची खूण आहे. काही वर्षांपूर्वी पुण्याला दवाखान्यात जाताना ती एका कोऱ्या करकरीत स्लीपर बसमध्ये वरच्या बर्थवर झोपली होती. सीटवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. पहाटे ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि खिडकीच्या पट्टीचा कोपरा तिच्या कपाळात घुसला. मी नंतर त्या पट्टीवरून बोट फिरवून पाहिलं होतं. कापलेलं अॅल्युमिनियम तसंच सोडलेलं, कानशीसुद्धा फिरवलेली नाही. दोन मिनिटांचं काम. मी तिला सांगितलं की ऑक्टोबर २०२५ मध्ये रेल्वे बोर्डाने या स्लीपरबद्दल जे पत्र काढलं त्यात हेच होतं: बर्थजवळच्या धारदार कडा आणि कोपरे, पडद्यांची हँडलं, बर्थच्या जोडातल्या साफ न होणाऱ्या खोबणी. आगीत टिकणाऱ्या केबल, ठिणगी ओळखणारी उपकरणं यांचाही विषय होता. मावशी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "घासू दे बाबा त्यांना कोपरे. महिनाभर उशिरा आली तरी चालंल."

स्लीपर आणि बसून जायची गाडी यांत हाच फरक आहे. आठशेच्या वर माणसं बंद डब्यांत झोपलेली. धूर झाला तर जाग यायलाच वेळ लागणार. दिवसाच्या गाडीची परीक्षा या गाडीला लागू करून भागत नाही.

जालन्याच्या गाडीचा मुद्दा इथेच सुटतो. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली तेव्हा तिला फार थांबावं लागलं नाही, कारण त्या नमुन्याची परीक्षा आधीच झाली होती. ट्रेन १८ या नावाने ती गाडी ऑक्टोबर २०१८ मध्ये चेन्नईच्या कारखान्यातून बाहेर पडली आणि १५ फेब्रुवारी २०१९ ला दिल्ली-वाराणसी सुरू झाली. उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी परतताना ती टुंडल्याजवळ बंद पडली. गुरं आडवी आल्याचं कारण रेल्वेने दिलं. मार्गावरच्या वर्षांत त्या गाडीत सुधारणा होत गेल्या, आणि ते सगळं शिकून झालेली गाडी जालन्याला आली. पहिल्या गाडीने सोसलं म्हणून आपल्याला तयार मिळाली.

मेसेजचा एकूण सूर "रेल्वेवालेच अडवतात" असा आहे, त्यात एक गैरसमज आहे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम २७ नुसार आधीपासून धावणाऱ्या गाड्यांपेक्षा वेगळ्या प्रकारची गाडी वापरण्यापूर्वी केंद्र सरकारची मंजुरी लागते. तपासणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात. गाडी चालवणारा आणि गाडी पास करणारा एकच नसावा, म्हणून ही सोय. उद्घाटनाच्या तारखेसाठी कधीच काही थांबत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. तशी शंका घ्यायला जागा असते. पण सोळा महिने त्याच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

राहिलं लातूर. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे आणि तो अर्धा मी मनापासून मान्य करतो. लातूरला हरंगुळजवळच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी २०१८ ची, डब्याचा पहिला सांगाडा २५ डिसेंबर २०२० चा. वंदे भारत स्लीपरचा करार सप्टेंबर २०२३ मध्ये झाला, आरव्हीएनएल ही रेल्वेची कंपनी आणि रशियाची कंपनी यांचा मिळून, १,९२० डब्यांचा. त्यानंतरचा वेळ भागीदारीतल्या हिश्शांत आणि शौचालयं किती, पँट्री कुठे, सामान कुठे ठेवायचं या आराखड्याच्या घोळात गेला. हा उशीर निर्णयाचा आहे, कागदावरचा आहे, आणि त्यासाठी खासदारांना धारेवर धरायलाच हवं. पण याला चाचणीचा उशीर म्हणू नका. चाचणी अजून पुढे आहे. लातूरची गाडी बीईएमएलच्या गाडीपेक्षा वेगळ्या घडणीची असणार, म्हणजे तिला पहिल्यापासून सगळं द्यावं लागणार: गोण्या, ओला रूळ, रिले, सगळं. हरंगुळहून ती निघाल्याचे फोटो येतील आणि नंतर कितीतरी महिने ती आपल्याला दिसणार नाही. त्या दिवसांत हाच मेसेज तारीख बदलून परत येईल.

तोपर्यंत विचारायचं असेल तर हे विचारा. २६ ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत नांदेडपर्यंत आली. नांदेड-मुंबई ६१० किलोमीटर, वेळ साधारण साडेनऊ तास. सरासरी ताशी ६४. गाडी १६० ची आहे. वेग जातो तो कसाऱ्याच्या घाटात, आणि मनमाड ते परभणी या बहुतांश एकेरी मार्गावर. परभणी ते मुदखेड दुसरा रूळ पडला, मनमाडकडच्या भागात मात्र समोरून गाडी यायची असली की कुणाला तरी लूप लाइनवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, थांबावंच लागतं. तिथे दुसरा रूळ कधी पडणार, कोणत्या टप्प्याला किती पैसे मिळाले, भूसंपादन कुठे अडलं आहे, याची तारीखवार माहिती मागणारा मेसेज कुणी लिहिला तर मी तो चारही गटांत स्वतः पाठवीन.